खळ्यातला चौदा नंबरचा दगड

पन्हाळा तालुक्यातल्या एका वाडीवरून तिथल्या शिक्षकांचा फोन आला. "सर, सड्यावर दगडांचं गोल वर्तुळ आहे. बरोबर मध्ये खड्डा. नागपूरकडं सापडतात तसलं थडगं वाटतंय." पाठोपाठ व्हॉट्सॲपवर चार फोटो आले, चारही भर दुपारचे. दुपारच्या उन्हात दगडाची सावली पायाखाली जाते आणि सगळं सपाट दिसतं, त्यामुळं फोटोवरून हो किंवा नाही काहीच सांगता येईना. कोल्हापूरकरांच्या अशा आशेला मी हसत नाही. ब्रह्मपुरीच्या टेकाडात रोमन बनावटीची पोसायडनची ब्राँझ मूर्ती निघाली, ती कोल्हापुरातच, पंचगंगेच्या काठी. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही तिघं सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, होतो.

आधी नागपूरकडची वर्तुळं कशी असतात ते सांगतो, कारण तुलना त्यांच्याशीच करायची होती. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला अशी सुमारे तीनशे आहेत. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा हीही त्याच लोहयुगीन संस्कृतीची ठिकाणं. माहुरझरीला घोड्याच्या अंगावरचे दागिने मिळाले, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. तिथल्या वर्तुळात कडेला माणसाला न हलणारे धोंडे असतात, जमिनीत बसवलेले. आतल्या जागेत दगडगोटे आणि मातीची भर घातलेली असते, म्हणून वर्तुळाचं पोट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर आलेलं दिसतं. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगेही कोरलेत. मला पहिल्यांदा पाहायचं होतं ते पोट.

इथं पोट नव्हतंच. आतली जमीन तव्यासारखी सपाट, गवतही बाहेरच्यापेक्षा विरळ आणि खुरटं. ठोकून ठोकून बसलेल्या जमिनीत मूळ शिरत नाही. मध्यात खुंटी मारून टेप फिरवला: आतला व्यास ६.२ मीटर, दगड २१, एकच थर, पश्चिमेला दीड मीटरची मोकळी वाट. प्रत्येक दगडाला उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं नंबर दिला. उत्तर काढताना कंपास दगडावर टेकवायचा नाही. काळा दगड आणि जांभा दोन्हींत लोखंड असतं, काटा भरकटू शकतो. छातीच्या उंचीवर धरायचा आणि दोन ठिकाणांहून ताडून पाहायचं.

मग मधला खड्डा. तोंड जेमतेम वीतभर, खाली निमुळता, खोली ४० सेंटिमीटर. थडगं उकरलेलं असतं तर तोंड वेडंवाकडं आणि कडेला मातीचा ढीग असता. याच्या कडा गुळगुळीत झालेल्या. दगड नंबर तीनच्या बुडाशी काडी घालून पाहिलं, तर जमिनीत बसवल्याचा मागमूस नाही. दगड नुसता मातीवर ठेवलेला, खाली बाटलीच्या काचेचा तुकडा. शिक्षकांचा चेहरा उतरत चालला होता.

तेवढ्यात खालच्या रानातून एक आबा वर आले. काय चाललंय ते थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या आज्ज्याचं खळं हाय ते. मधी तिवडा रवायचो, चार बैलांची पात धरायचो. नाचणा मळायचो हितं." तिवडा म्हणजे बैल बांधायचा खांब, मधला खड्डा त्याचाच. पश्चिमेची वाटही उलगडली. मळणी झाल्यावर वारं देताना भूस उडायला ती बाजू मोकळी ठेवायची.

एवढ्यावर काम संपत होतं. अशा दहा फोनांतले निदान सात-आठ खळं, धनगरांचं मेंढरं कोंडायचं वाडगं किंवा मोडलेल्या झोपडीची जोती निघतात, आणि तशी नोंद करून माणूस परत येतो. पण दगडांची यादी करताना प्रकार लिहावा लागतो. आमच्या यादीत जांभा, जांभा, जांभा असं चाललेलं असताना चौदाव्या ओळीत 'काळा पाषाण, घडीव' असं लिहावं लागलं. सड्यावर काळा दगड येतो कुठून? खालच्या ओढ्यावरून कुणीतरी वर आणला असणार. तोही गोटा नव्हता. सव्वा मीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद, कडा छिन्नीनं सरळ केलेल्या. एका टोकाचा मात्र फूटभर भाग ओबडधोबड. घडीव दगडाचं एक टोक असं सोडलेलं असेल, तर ते जमिनीत पुरण्यासाठी असतं.

दगड पालथा होता. एका कोपऱ्याखाली घुशीनं माती काढली होती, तिथून हात आत जात होता. आधी काठी फिरवून घेतली (सड्यावर घोणस असते), मग हातमोजा काढून बोटं वर लावली. पहिल्यांदा आडवी पट्टी लागली, बोटभर जाड. पट्टीच्या वर काहीतरी गोल, त्याला दोन वळलेली टोकं. गाईची शिंगं. मी हात बाहेर काढला आणि शिक्षकांना म्हटलं, "थडगं नाही, पण वीरगळ आहे." वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड.

इथं लोकांची घाई होते आणि नुकसान याच घाईत होतं. उलटायचा दगड उत्साहात उलटला, की तो कुठं, कोणत्या दिशेला, किती खोल होता हे कायमचं जातं. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्यापासून १९६० च्या राज्याच्या पुरातत्त्व कायद्यापर्यंत सगळ्यांचा रोख एकच: आधी कळवा, मग हात लावा. आम्ही फोन केले. ग्रामसेवक आणि पोलीस पाटील येऊन पंचनामा होईपर्यंत साडेअकरा वाजले. जागेवरच उलटा करा, हलवू नका, असा निरोप मिळाला.

वजनाचा हिशेब आधीच करायचा. १.२५ गुणिले ०.४५ गुणिले ०.१८, म्हणजे एक दशांश घनमीटर. काळा दगड घनमीटरला २.८ टन धरला तर पावणेतीनशे किलोच्या वर. सहा माणसं, दोन पहारी, आठ लाकडी पाचरी, पाच-सहा गोणपाटं. पहार दगडाच्या कडेला थेट लावली की खपली उडते, म्हणून मध्ये लाकडाची फळी. दोर बांधायचाच असेल तर कोरीव भागावर नको, बुडाच्या ओबडधोबड टोकाला. बोटभर उचलला की लगेच खाली पाचर, मग पुढचा बोटभर. वीरगळ मोडायची भीती असते ती कोरलेल्या चौकटींपाशी. कोरून दगड तिथं पातळ झालेला असतो आणि मधेच अधांतरी राहिला की आपल्याच वजनानं तुटतो. म्हणून आधार तीन जागी. चाळीस मिनिटं लागली. कडेवर उभा झाल्यावर गोणपाटांच्या गादीवर हळूच उताणा घेतला.

तोंडावर चिकणमातीचा लपेटा होता. आबांचा नातू पाण्याच्या मोटारीचा पाईप घेऊन तयारच होता, त्याला थांबवलं. धारेनं माती निघते आणि सुटत आलेली दगडाची कातही निघते. फवाऱ्यानं ओलं करायचं, बांबूची काडी आणि मऊ ब्रश, वरून खाली. तारेचा ब्रश अजिबात नाही.

खालच्या चौकटीत तीन गाई, एकीची मान मागं वळलेली. त्यांच्यासमोर ढाल-तलवारीचा वीर, मागं केसांचा बुचडा, पायाशी एक पडलेला. म्हणजे गोधन सोडवताना मेलेला. मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला दंडाला धरून वर नेताहेत. वरच्या चौकटीत शिवलिंग, एका बाजूला पुजारी, दुसरीकडं हात जोडून बसलेला तोच वीर. माथ्यावर कलश, दोन्हीकडं चंद्र-सूर्य. मातीकडं तोंड करून पडल्यामुळं पुजाऱ्याच्या हातातली घंटासुद्धा शाबूत होती. पारावर उभ्या असलेल्या वीरगळांवर असा बारकावा क्वचितच उरतो. अक्षर कुठंच नव्हतं. नुसत्या घडणीवरून काळ सांगणं धोक्याचं असतं, तरी शिलाहार-यादव काळ, म्हणजे ११ वं ते १३ वं शतक, एवढं ढोबळ लिहिलं. कोरीव काम उठून दिसावं म्हणून एकानं पीठ चोळायचं सुचवलं. पीठ छिद्रांत बसतं, त्यावर बुरशी येते. त्याऐवजी चादरीची सावली धरली आणि टॉर्च दगडाच्या पातळीत, बाजूनं लावला. आठ दिशांनी आठ फोटो, प्रत्येकात मोजपट्टी.

दोनच्या सुमारास वाडीवरून बायका आल्या. देव निघाला ही बातमी आमच्या पंचनाम्यापेक्षा जोरात पळाली होती. एका आजींच्या हातात तेलाची वाटी आणि शेंदूर. नाही म्हणणं सोपं नसतं, आणि माझ्या मते ते नुसतं म्हणूही नये. तेल दगडात मुरतं, त्यावर धूळ बसते, शेंदराची पुटं चढतात आणि पाच-सात वर्षांत चेहरा जातो. जवळच्याच एका गावात तर जीर्णोद्धारवाल्यांनी सगळ्या वीरगळांना ऑइलपेंट दिलाय. आतली ओल कोंडते, पेंट फुगून सुटतो आणि येताना दगडाचा पापुद्रा घेऊन येतो. मी आजींना एवढंच म्हटलं, "आजी, पुढ्यात दिवा लावा, फुलं वाहा. तेल अंगाला नको, डोळे बुजतील त्याचे." त्यांनी क्षणभर वीराकडं पाहिलं आणि वाटीतलं तेल पणतीत ओतलं.

ग्रामपंचायतीच्या ठरावापर्यंत दगड तिथंच, गोणपाटावर, वर पत्र्याचा आडोसा करून ठेवायचं ठरलं. आम्ही सामान आवरत होतो तर आबा बांधावरून जांभ्याचा एक चिरा ढकलत आणत होते. चौदा नंबरच्या मोकळ्या जागी त्यांनी तो बसवला, पायानं दाबून पाहिला. "गोल तुटका बरा न्हाई दिसत," म्हणाले.

मी त्यांच्याकडून छिन्नी मागून घेतली आणि चिऱ्याच्या आतल्या अंगाला चालू साल कोरलं. नाहीतर वीस वर्षांनी कुणीतरी पुन्हा मोजायला बसलं असतं.