त्याच पेशी, दोन जखमा

प्रयोगशाळेत वाढवलेली कातडी लावून झाल्यावर नवव्या दिवशी सिस्टरनी छातीवरचा व्हॅसलीन गॉज सलाइनने भिजवून कडेने सोडवला. खाली सायीसारखा पातळ, चकाकणारा गुलाबी थर होता, बोट लावलं तरी सरकत नव्हता. मग उजव्या मांडीकडे वळलो. तिथला गॉज सोडवावाच लागला नाही, आपसूक हातात आला. खाली हिरवट पाणी आणि सुडोमोनास या जंतूचा तो गोडसर वास. वाढवलेल्या कातडीच्या चोवीस शीट तिथे लावल्या होत्या, एकही उरली नव्हती. छातीवरच्या आणि मांडीवरच्या शीट एकाच माणसाच्या पेशींच्या, एकाच इन्क्युबेटरमधल्या, एकाच सकाळी सोडवलेल्या. म्हणून ही केस डोक्यातून जात नाही.

गॅसच्या भडक्यात भाजलेला तरुण, खोल भाजलेला भाग साठ टक्क्यांच्या वर. अशा वेळी स्वतःची कातडी घ्यायला टाळू आणि पाठीचा थोडा भाग एवढीच जागा उरते. ती जाळी करून चौपट ताणली तरी पुरत नाही. म्हणून तिसऱ्याच दिवशी काखेतून चार चौरस सेंटिमीटरचा पूर्ण जाडीचा तुकडा घेतला, थंड माध्यमात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, अँटिबायोटिकसह आमच्या प्रयोगशाळेत आला.

पद्धत राइनवाल्ड आणि ग्रीन यांची, १९७५ची. १९८३ साली अमेरिकेत ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेल्या दोन लहान भावांना बॉस्टनमध्ये याच पद्धतीने वाढवलेली कातडी लावली होती. गाभा आजही तोच आहे. तुकड्याची चरबी कात्रीने काढायची, बारीक पट्ट्या करून रात्रभर ४ अंशाला डिस्पेज या थर सुटे करणाऱ्या एन्झाइममध्ये ठेवायच्या. सकाळी एपिडर्मिस, म्हणजे कातडीचा वरचा थर, चिमट्याने पापुद्र्यासारखी सोलून निघते. मग पेशी एकमेकींपासून सुट्या करायला ट्रिप्सिन हे एन्झाइम, ३७ अंशाला दहा-पंधरा मिनिटं. वेळ कमी पडली तर गुठळ्या राहतात, जास्त झाली तर पेशी मरतात. सुट्या पेशी फ्लास्कमध्ये सोडायच्या त्या फीडर थरावर, म्हणजे त्यांना वाढायला मदत करणाऱ्या उंदराच्या ३टी३ फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या) पेशींवर. विकिरण देऊन त्यांचं विभाजन आधीच थांबवलेलं असतं. चौरस सेंटिमीटरला वीस-पंचवीस हजार फीडर लागतात. विरळ झाले की मूळच्या तुकड्यातून आलेले माणसाचे फायब्रोब्लास्ट डोकं वर काढतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली वसाहती दिसू लागतात. कडा गोल, गुळगुळीत आणि आतल्या पेशी बारीक, फरसबंदीसारख्या घट्ट असतील तर त्या वसाहती पुढे वाढणार. कडा फाटल्यासारखी आणि पेशी मोठ्या, चपट्या दिसल्या तर त्या वसाहतीत दम उरलेला नाही. दर ४८ तासांनी माध्यम बदलायचं, रविवार असो वा दिवाळी. तळ साठ-सत्तर टक्के भरला की पेशी उचलून पुढच्या फ्लास्कमध्ये. इथे आळस केला तर पेशी एकमेकींना भिडून पक्व व्हायला लागतात आणि विभाजनाची ताकद असलेल्या मूळ पेशी भराभर कमी होतात.

शेवटच्या फेरीत मात्र फ्लास्क पूर्ण भरू द्यायचे. एकविसाव्या दिवशी ४८ फ्लास्क तयार होते. फ्लास्कचं वरचं प्लास्टिक गरम पात्याने कापायचं, डिस्पेज घालायचं, शीट कडेने सुटू लागते. सुटली की आकसते, ७५ चौरस सेंटिमीटरची जेमतेम निम्मी राहते. तिच्यावर गॉज ठेवून छोट्या क्लिपांनी अडकवायची. मूळ पेशींची बाजू खाली, जखमेकडे. उलटी लागली तर सगळं वाया, आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) डोळ्यांनी ते ओळखू येत नाही. जखमेचं शेवटचं धुणंही साध्या सलाइननेच हवं, कारण पोव्हिडोन-आयोडिन या जंतुनाशकाने या पेशी मरतात. हे लेखी देऊनही ओटीत बाटली हाताशी होतीच. ती तिथून उचलून बाहेर ठेवायला लावली.

मग मांडीवर काय झालं? छाती-पोटावर सुरुवातीलाच मेलेली कातडी काढून स्किन बँकेतली दात्याची त्वचा लावली होती. तीन आठवड्यांनी तिची एपिडर्मिस खरवडून काढली, खाली डर्मिस, म्हणजे कातडीचा आतला जाड थर, धरून राहिलं होतं. शीट त्यावर बसली. १९८६मध्ये येलच्या कुओनो यांनी दाखवलेली हीच वाट आहे. मांडीला ती त्वचाच पुरली नाही. तिथे नुसतं लाल ग्रॅन्युलेशन, म्हणजे जखम भरताना येणारं कोवळं मांस होतं, आणि शीट लावल्या त्याच सकाळी आलेल्या स्वॅबच्या (जखमेवर फिरवलेल्या बोळ्याच्या) अहवालात सुडोमोनास. पण स्वॅब जंतू कोणता ते सांगतो, किती ते सांगत नाही. त्यासाठी मांसाचा तुकडा पाठवावा लागतो. एका ग्रॅममध्ये एक लाखाच्या वर जंतू निघाले तर साधा ग्राफ्टही (कातडीचं कलम) धरत नाही, ही तर काही पेशींच्या जाडीची शीट. तुकडा पाठवला असता तर अहवालाला दोन दिवस लागले असते, आणि शीट तेवढ्या थांबल्या नसत्या.

शस्त्रक्रियेचा दिवस जखमेने नव्हे, फ्लास्कने ठरवला. सर्जननी मला विचारलं होतं, मी ‘थांबता येणार नाही’ म्हटलं. शीटच्या बाबतीत ते खरंच होतं. पण चार दिवस आधी मांडीची अवस्था बघून निम्म्या फ्लास्कमधल्या पेशी सोडवून गोठवल्या असत्या तर चोवीस शीट वाचल्या असत्या. हे तेव्हा सुचलं नाही.

त्वचेच्या टंचाईचा मात्र खरंच राग येतो. मुंबईत शीवला २००० साली स्किन बँक सुरू झाली, तरी नेत्रदान माहीत असलेल्या घरांत त्वचादान ऐकलेलं नसतं. मृत्यूनंतर सहा तासांत मांड्या, पाय, पाठ इथला फक्त वरचा पातळ थर काढतात. रक्तगट जुळावा लागत नाही, देह विद्रूप होत नाही. ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ती त्वचा पाच वर्षं टिकते. वर्तमानपत्रं ‘प्रयोगशाळेत कातडी तयार’ असं छापतात. प्रयोगशाळेत तयार होते ती फक्त वरची साय, खालचं दूध कुणीतरी द्यावं लागतं.

छातीवरचा थरही अजून नाजूक आहे. त्याला खाली बांधून ठेवणारे तंतू पक्के व्हायला बरेच महिने जातील, तोवर कपडा घासला तरी फोड येणार. त्याच्या आईने विचारलं, ‘मॅडम, इथे घाम येईल का?’ येणार नाही, घर्मग्रंथी या कातडीत नसतात. ते सांगितलं.

पहिल्या फेरीतल्या पेशींच्या चार नळ्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या होत्या. त्यातल्या दोन वितळवून पुन्हा फ्लास्क भरलेत. काल वसाहती दिसल्या, कडा गोल आहेत. मांडीसाठी त्वचा अजून मिळालेली नाही.