कोंडाईबारीत गाडी दम तोडते? पंप उघडायच्या आधी टाकी बघा

सावद्याहून ट्रकमध्ये केळी भरून सुरतेला गेलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. रडगाणं परतीचं आहे. कापडाच्या गाठी भरलेल्या, विसरवाडी सुटली, सुरत-धुळे हायवेवरच्या कोंडाईबारी घाटाचा चढ लागला आणि पिकअप, म्हणजे गाडीची ओढ, गेला. तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. पाय तळाला टेकला तरी इंजिन वर येईना. मागे कंटेनरांची रांग, नुसते हॉर्न. कडेला घेऊन बंद केली. दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर काही झालंच नाही अशा थाटात चढू लागली. दोन वळणं गेली की पुन्हा तेच.

धुळ्यात इंजिनाचा डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या एकाकडे नेली. त्याने ऐकूनच निकाल दिला: पंप गेला, 18,000 लागतील. नको म्हटलं, तर पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवला, डिझेल वाढवलं, सपाट हायवेवर एक चक्कर मारली आणि ‘ओके’ म्हणून 3,500 घेतले. लूट आहे ही, दुसरा शब्द नाही. पुढच्या खेपेला त्याच चढावर गाडी तशीच बसली. फरक एवढाच, की एरवी चालताना काळा धूर आणि ॲव्हरेजची वाट.

कसाबसा दहिवेलला पोचलो. तिथल्या म्हाताऱ्या फिटरने ‘काय व्हयनं भाऊ?’ विचारलं आणि पहिला प्रश्न धुराचा केला. पिकअप तुटताना काळा धूर असेल तर हवा कमी पडते: एअर क्लीनर आणि टर्बोचा होज (इंजिनात हवा दाबणाऱ्या टर्बोचा पाइप) बघायचा. ऐन चढावर धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. माझी गाडी बसताना धूर नव्हताच. मग त्याने टाकीचं झाकण सैल करून चालवायला लावली, ब्रीदर (टाकीत हवा जायचं भोक) चोक असेल म्हणून. फरक नाही. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपावरचा हँड पंप ओढला, तो जड लागला. म्हणजे अडथळा पंपाच्या मागे, टाकीकडे.

खात्रीसाठी टाकीऐवजी डिझेलचा कॅन बांधला, सक्शन (डिझेल ओढणारा) आणि रिटर्न (उरलेलं परत आणणारा) दोन्ही पाइप त्यात. भरलेल्या गाडीने घाट उतरून पुन्हा चढलो. एकदाही बसली नाही! टाकीतली नळी बाहेर काढली तर पुडीच्या प्लास्टिकचा तुकडा. जोर लागला की नळीच्या तोंडाला चिकटायचा, इंजिन बंद झालं की सुटून तळाला जायचा. चारशे रुपये घेतले त्याने.

तेव्हा जुना, मेकॅनिकल पंपाचा ट्रक असेल तर ही कॅनची चाचणी लोड टाकून, चढावरच घ्या. रिकाम्या गाडीवर सपाटीला ‘ओके’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. स्कॅनरवाल्यालाही नाही, सेन्सरच नाहीत तर तो वाचणार काय? सोबत स्वच्छ कॅन, बॅन्जो बोल्टची (डिझेल पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टची) तांब्याची वायसरं आणि वीतभर पारदर्शक पाइप ठेवा. पाइपमध्ये बुडबुडे दिसले तर लाइन कुठेतरी हवा ओढतेय, आधी वायसरं बदला. कॅन केबिनमध्ये ठेवू नका, आणि क्लीनरची बिडी लांब.

घाटात थांबलात तर चाकामागे दगड लावा, निघताना तो उचलूनही टाका. अर्धे लोक तसाच सोडतात आणि मागून येणारा मोटारसायकलवाला मरतो. धुळ्यात तोडलेल्या सीलचं काम माझं अजून बाकी आहे. कॅलिब्रेशन, म्हणजे पंपाचं डिझेल पुन्हा मापात लावणं, होईपर्यंत धूर सोसायचा.