पत्रिका, पावती, पासबुक: आमच्या छापखान्याची वाटचाल

अण्णांनी छापखाना काढला तेव्हापासूनचा एक शिरस्ता आहे. छापलेल्या प्रत्येक लग्नपत्रिकेची एक प्रत ठेवून घ्यायची आणि तिच्यामागे पेन्सिलीने नग किती, आगाऊ किती, येणे किती हे लिहायचं. उधारी बुडू नये म्हणून सुरू झालेलं काम. पण पन्नास वर्षांचे ते गठ्ठे चाळायला बसलो की मला त्यात सांगली जिल्ह्याची खतावणी दिसते. कपाटाचे खालचे दोन खण २०१९च्या पुरात गेले. उरलेल्यांच्या आधाराने हे लिहितोय.

अण्णा दुसऱ्याच्या प्रेसमध्ये कंपोझिटर होते. १९७४ साली त्यांनी एक जुनं, पायाने चालवायचं ट्रेडल घेतलं आणि सांगलीत मारुती चौकाच्या अलीकडे भाड्याच्या गाळ्यात बसवलं. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला एक मामा होते, तेही जुन्या प्रेसमधून अण्णांबरोबर आलेले. शाळेतून आल्यावर माझं काम म्हणजे छापून झालेला मजकूर सोडवून खिळे परत ज्याच्या त्याच्या खणात टाकणं. चुकून ‘घ’च्या खणात ‘ध’ पडला तर मामा मान वर न करता टपली मारायचे. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ ही ओळ मात्र आम्ही कधी सोडवत नव्हतो. ‘सहकुटुंब सहपरिवार’ही नाही. त्या ओळी सुतळीने बांधून फळीवर कायम तयार असायच्या. बदलायची ती फक्त नावं. त्यामुळे नावांकडे बघायची सवय मला लहानपणीच लागली.

आमचा धंदा पंचांगावर चालतो असं बाहेरच्याला वाटतं. मुहूर्त पंचांगातलेच, पण त्यातला कुठला धरायचा हे कारखान्याच्या बिलावर ठरतं. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत असं १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे, एवढंच म्हणतो. पहिली उचल, म्हणजे बिलाचा पहिला हप्ता, खात्यावर पडली की आठवड्याच्या आत वाळवा-पलूसकडची माणसं दुकानात दिसायला लागतात. बिल थकलं की मुहूर्त तेच राहतात, पण पाचशे पत्रिकांच्या दोनशे होतात आणि सोनेरी शाईऐवजी साधी तांबडी चालते. अण्णा तर कागदाचे रीम उचलायच्या आधी पेठेत विचारून यायचे, ‘कुठल्या कारखान्याचं बिल निघालं?’

आता हे उलटही बघा. गावजेवण चुकवून चालत नाही, भावकी वर्षभर बोलत राहते. म्हणून गावच्या शेतकरी सोसायटीचं पीककर्ज मांडवात जातं. ते फेडायचं तर पुन्हा ऊसच लावावा लागतो, कारण उसाच्या बिलातून सोसायटीची वसुली परस्पर होते, आणि वसुली हमखास म्हणून सोसायटीही उसाला कर्ज देताना हात आखडत नाही. ज्वारी किंवा हरभरा लावणाऱ्याला ती सोय नाही. म्हणजे पुढच्या हंगामात शेतात काय लावायचं, हे निम्मं मांडवातच ठरलेलं असतं. अर्थशास्त्र मी शिकलेलो नाही, बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं. पण ऊस पाणी किती पितो यावरची भाषणं ऐकताना मला नेहमी वाटतं, यांनी एकदा आमच्या काउंटरवर येऊन बसावं.

साधारण १९८५नंतरच्या पत्रिकांत ‘प्रमुख उपस्थिती’ वाढलेली दिसते. त्याआधी खाली आजोळचे मामा, आत्याचे यजमान, फार तर गावचे पोलीस पाटील. मग कारखान्याचे चेअरमन आले, सोसायटीचे आले, दूध संघाचे आले. लोक याला हौस म्हणतात. मला ती हौस वाटत नाही. ऊस तोडीला कधी येणार, कर्जाची फाइल कुणाच्या टेबलावर अडणार, पोराला लेबर म्हणून कुठे चिकटवता येईल, हे सगळं ज्यांच्या हातात, त्यांची नावं मामाच्या वर गेली. एका पत्रिकेत तर नवरदेवाच्या आजोबांचं नाव जागेअभावी गाळलं आणि संचालक मंडळ पूर्ण बसवलं. ते प्रूफ मी स्वतः वाचलंय. अलीकडे खासगी कारखाने झाले, ऊस पळवायला लागले, तसे चेअरमन कमी झाले. आता त्या जागी बिल्डर आहेत.

खानापूर-आटपाडीच्या पत्रिका लगेच ओळखू येतात. तिकडची माणसं दुष्काळाला कंटाळून सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. सोनारांकडची जुनी मोड वितळवून शुद्ध करून द्यायची, हे त्यांचं काम. त्यामुळे पत्रिकेच्या तळाला कोईमतूर, त्रिशूर, कानपूर, कलकत्ता. लग्न गावी, तेही मे महिन्यात, कारण पोरांच्या शाळांना सुट्टी आणि गावची जत्रा. पत्रिका मात्र फेब्रुवारीतच छापून न्यायच्या, कुरियरने पोचायला हव्यात. टेंभू योजनेचं पाणी तिकडे फिरल्यावर काही जणांनी गावी डाळिंब, द्राक्षं लावली. त्या घरांची लग्नं आता मे सोडून इतर महिन्यांतही दिसतात.

नव्वदच्या दशकात आम्ही मिनी ऑफसेट घेतलं, मागोमाग कॉम्प्युटर आणि मराठी अक्षरजुळणीसाठी श्रीलिपी. मामांना माउस धरता आला नाही. ते शेवटपर्यंत प्रूफं वाचत बसले आणि आमच्या प्रेसमधून चुकीची वेलांटी बाहेर गेली नाही ती त्यांच्यामुळे. त्याच सुमारास गल्लोगल्ली पतसंस्था निघाल्या. पासबुकं, ठेवपावत्या, पिग्मीची म्हणजे रोजच्या बचतीची कार्डं, कर्जाचे अर्ज, एवढं काम की दोन पाळ्या चालवल्या. पिग्मी एजंट म्हणजे कुणाचा तरी भाचा, ठेवीदार म्हणजे त्याची आळी. ओळखीवर पैसा जमला आणि ओळखीवरच वाटला गेला. एका संस्थेची दहा हजार पिग्मी कार्डं छापून, बांधून तयार होती आणि सोमवारी तिच्या शटरला कुलूप दिसलं. आमचं बिल गेलं. आईच्या बांगड्या मोडून ठेवलेले पैसेही त्याच संस्थेत होते, पावती आमच्याच मशीनवर छापलेली. तो एजंट आमच्याच गल्लीतला. त्याच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण मुलाकडच्यांचीही ठेव अडकली होती. पैसे बुडाले ते बुडालेच, पण नंतर कित्येक वर्षं गल्लीत कुणी कुणाला जामीन राहिलं नाही. हा तोटा कुठल्या ताळेबंदात येतो?

मग २०१६चा नोव्हेंबर. ८ तारखेला रात्री नोटा बंद झाल्या. तुळशीची लग्नं तोंडावर, दुकानात तीस-पस्तीस ऑर्डरी. १४ तारखेला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. आमच्याकडे शेतकऱ्याचं खातं असतं ते तिथेच, उसाचं बिल तिथे, दुधाचं तिथे. म्हणजे मालक गावात आणि पैसा कुलपात. पुढे सरकारने लग्नघराला अडीच लाखांपर्यंत काढायची सवलत दिली आणि २१ तारखेला रिझर्व्ह बँकेने अटी सांगितल्या. लग्नाचा पुरावा म्हणून पत्रिका हवी, हॉल-आचाऱ्याला दिलेल्या आगाऊ रकमेच्या पावत्या हव्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करायच्या आत नऊ माणसं उभी. कुणाला दहाच पत्रिका हव्या होत्या, कुणाला पाच. ‘देवाला नको, पाहुण्याला नको, मॅनेजरला दाखवायला द्या.’ आचारी घामाघूम होऊन आला, आयुष्यात पहिल्यांदा पावतीपुस्तक छापायला. मांडववाला आला, वाजंत्रीवाले आले. इतकी वर्षं शब्दावर चाललेला धंदा आठ दिवसांत पावतीवर आला. एक जण खोटी पत्रिका मागायला आला होता, त्याच्या घरात लग्नाचं कुणी नव्हतंच. त्याला चहा पाजून परत पाठवला. उधारी मी त्या महिन्यात कुणालाही नाकारली नाही. मार्चपर्यंत दोघांचे सोडून सगळ्यांचे पैसे आले. पुढच्या जुलैत जीएसटी आला, सगळ्या पेठेची बिलबुकं नव्याने छापावी लागली आणि त्या कमाईत आम्ही कटिंग मशीन घेतलं. धंदा असाच असतो, एका नियमाने मारतो, दुसऱ्याने हात देतो.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगतो. ऊसतोड टोळीचा एक मुकादम हंगामाच्या शेवटी शंभर पत्रिका टाकायला आला होता. बरोबर नवरी मुलगी आणि तिची आई. मुलीच्या दोन वेण्या, वर लाल रिबिनी. मी बघितलं आणि मजकूर लिहून घेतला. महिन्याभराने समजलं की ती नववीत होती. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, त्या जोडीवर मिळते. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात, त्याला उचल निम्मी. मग पोराला जोडी लावून द्यायची घाई होते, आणि मागे गावाकडे तरण्या पोरीला एकटी कुणाकडे ठेवायची हा आईबापांचा घोर वेगळाच. २००६चा बालविवाहबंदीचा कायदा असं लग्न लावणाऱ्यालाच नाही, त्याला हातभार लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत आत टाकतो. मी टाइप केलं होतं ‘चि. सौ. कां.’ तेव्हापासून दोघांच्या वयाचा दाखला बघितल्याशिवाय आम्ही मजकूर घेत नाही. काही गिऱ्हाइकं उठून शेजारच्या गल्लीत जातात. जाऊ देत.

पुराचं फार लिहीत नाही. २००५च्या पाण्याची खूण भिंतीवर होती, तिच्या दोन फूट वर आम्ही फळ्या मारल्या होत्या. २०१९ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी आहे ४५. ओला कागद फुगला की कपाटाची दारं आतून फोडतो, हे मी तेव्हा बघितलं. २०२१ला पुन्हा. त्या वर्षी तर आधी एप्रिलमध्ये लग्नाला २५ माणसं आणि २ तास असा नियम होता, त्यामुळे भिजायला कागदच थोडा होता. बरीच गिऱ्हाइकं आणि काही शेजारी दुकानदार विश्रामबागकडे सरकले. आम्ही इथेच आहोत, मशीन तेवढं पहिल्या मजल्यावर नेलं.

आता लग्नपत्रिकेपेक्षा बायोडाटा जास्त छापतो. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बायोडाट्यात ‘शेती: ५ एकर बागायत, विहीर’ ही ओळ सगळ्यात वर असायची. आता ती तळाला गेलीय आणि वर ‘नोकरी: पुणे’. एका पोराने चाकणच्या कंपनीत सहा महिन्यांचं कंत्राट धरलं, ते केवळ बायोडाट्यासाठी. लग्न जमल्यावर परत द्राक्षाच्या बागेत. आई-बाप म्हणतात, हल्लीच्या पोरींच्या अपेक्षा वाढल्यात. मला एक आकडा आठवतो. २००१च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या. पाणी होतं, ऊस होता, हातात पैसा होता, म्हणून सोनोग्राफीची मशीनही इथे लवकर आली. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४चा कायदा होता, तो भिंतीवर पाटी म्हणून होता. जमिनीला वारस हवा आणि हुंड्याला पैसा नको, असा हिशोब तेव्हा घराघरांनी केला. त्या वेळची पोरं आज पंचविशी-तिशीत आहेत आणि माझ्या काउंटरवर उभी राहून फोटो बदलून मागतायत. ज्या जमिनीसाठी वारस हवा होता, ती जमीन आता बायोडाट्याच्या शेवटच्या ओळीत. वधूपित्याचं गाव विजापूरकडचं आणि लग्नाचा सगळा खर्च मुलाकडचा, अशा पत्रिकाही आता नवीन राहिल्या नाहीत.

पाचशे-हजाराच्या ऑर्डरी संपल्या. मुलगा मोबाइलवर फिरवायची आमंत्रणं बनवतो, त्यात वाजंत्री वाजते, अक्षता पडतात. छापील पत्रिका दीडशे निघतात, त्यातली पहिली गणपतीपुढे. पोट भरतं ते हळदीच्या पाकिटांवर आणि बेदाण्याच्या खोक्यांवर.

गेल्या उन्हाळ्यात मिरज तालुक्यातल्या एक बाई मुलाच्या पत्रिकेसाठी आल्या. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. दोन म्हशींवर सुरुवात करून सहा केल्या, बचत गटाच्या कर्जावर. बरोबर दीर होते. मजकूर दिरांनी लिहून आणलेला, निमंत्रक म्हणून स्वतःचं नाव. बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. ‘इथं माझं नाव घाला. आणि गं. भा. नको, नुसतं श्रीमती.’ दीर म्हणाले, ‘वहिनी, असं कुठं असतं का? लोक काय म्हणतील?’ शेजारच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तो सगळ्या राज्यात गाजला, हे मला सांगावंसं वाटलं. पण बाईंनी तोवर पिशवीतून दूध डेअरीचं पासबुक बाहेर काढलं होतं, त्यात घडी घातलेल्या नोटा होत्या. त्या मोजून टेबलावर ठेवल्या. ‘आगाऊ घ्या. बाकी पत्रिका नेताना.’

दीर थोडा वेळ पंख्याकडे बघत बसले. संध्याकाळी प्रूफ बघायला एकटेच आले. चष्मा लावून दोनदा वाचलं, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. ‘माझं नाव वहिनींएवढ्याच टायपात आहे ना?’

होतं. दोन्ही १४ पॉइंट.