दुसरीतला पेत्र

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्या मंडळीत प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. नगर जिल्ह्यातलं आमचं चर्च मूळचं अमेरिकन मराठी मिशनचं, 1970 नंतर सी.एन.आय.मध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आलेलं. वसईकडे कॅथलिक चर्चमध्ये फादर या दिवशी बारा जणांचे पाय धुतात. आमच्याकडे ती पद्धत नव्हती. त्या वर्षी पाळकसाहेबांना विचारून मी ती करायची ठरवली. रविवारच्या शब्बाथ शाळेची लेकरं एका खोलीत, तरुण संघ दुसऱ्या, महिला मंडळ वेगळ्याच वारी. इतकी वर्षं शिकवतेय, पण आजी आणि नातू एका धड्याला शेजारी बसलेले मी पाहिले नव्हते.

परात, तांब्या, पंचे घरूनच आणले. आधी मुलांनी मोठ्यांचे पाय धुतले. ते सहज पार पडलं. धाकट्यानं वाकायचं हे आपल्या अंगवळणीच पडलेलं असतं. मग मी म्हटलं, "आता उलट."

सगळे गप्प झाले. मंडळीच्या पंचांपैकी एक निवृत्त गुरुजी, गुडघे दुखणारे, खांबाला धरून हळूहळू खाली बसले. समोर दुसरीतला मुलगा. त्यानं झटकन पाय वर खुर्चीत ओढून घेतले. "नाही! तुम्ही नाही धुवायचे. मला पाप लागेल."

बायबलमधला योहानाचा तेरावा अध्याय मी पाठ करून आले होते. प्रभू येशू शिष्यांचे पाय धुवायला वाकतो तेव्हा त्यांच्यातला पेत्र हेच म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. दरवर्षी मी ते वाचून दाखवायचे आणि मुलं ऐकून घ्यायची. त्या मुलाच्या आवाजातली भीती ऐकली तेव्हा पेत्राचं काय झालं असेल ते मला पहिल्यांदा कळलं. त्याला समजवायला मी पुढे सरकले, पण कोपऱ्यातल्या आजी आधी बोलल्या. त्यांना अक्षरओळख नाही, सगळं शास्त्र ऐकून पाठ. "घे धुवून, बाळा. मी काय करतो ते तुला आत्ता नाही कळायचं, पुढं कळंल, असं प्रभूच म्हणला पेत्राला."

मुलानं एक पाय खाली सोडला. थोड्या वेळानं दुसरा. गुरुजींनी बोटांच्या बेचक्यांतली मातीसुद्धा सावकाश काढली. त्यांना उठवायला दोघं तरुण धावले, पण त्यांनी मुलाचाच खांदा धरला.

प्रभुभोजनानंतर पायरीवर चपला घालता घालता तो मुलगा मला म्हणाला, "बाई, मग येशूचे पाय कुणी धुतले?"

मी अडले. आजी मागूनच येत होत्या.

"बेथानीच्या मरीयेनं. वल्हांडण सणाच्या आधी सहा दिवस. जटामांसीचं तेल लावलं, अन् केसांनी पुसले."

हा योहानाचा बारावा अध्याय, तेराव्याच्या अगदी आधीचा. दोन्ही धडे मी कितीदा शिकवले होते. एकत्र कधीच नाही.