मोफत मिळालेला वकील मन लावून लढतो का?

सांगलीत वकिली करताना आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर, म्हणजे मोफत वकील पुरवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या वकिलांच्या यादीवर, काम करताना मला जो प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, तो कायद्याच्या कलमांचा नसतो. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत किंवा एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडून तो येतो: "मॅडम, सरकारी खर्चाने मिळणारा वकील नीट लढतो का हो, की नुसता तारखेला उभा राहतो?" विचारणाऱ्याच्या घरात बहुधा काहीतरी अडलेले असते, त्यामुळे हसून विषय बदलता येत नाही. माझे उत्तर असे आहे की तो लढतो. मात्र किती लढतो हे बरेचसे त्याचा अशील त्याला किती विचारतो यावर ठरते, आणि मोफत वकील मिळालेला अशील सहसा काही विचारतच नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. हा वकील उपकार म्हणून काम करत नसतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याखाली जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती काम करते. अर्ज मंजूर झाला की पॅनेलवरच्या वकिलाच्या नावे नेमणुकीचे पत्र निघते आणि त्याचे मानधन प्राधिकरण देते. कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकलांचा खर्च हेही अशिलाच्या खिशातून जात नाही. वकिलाने अशिलाकडून वेगळे पैसे घेण्यास नियमांनी मनाई आहे, मग ते झेरॉक्सच्या नावाखाली असोत की चहापाण्याच्या. मानधन खासगी फीच्या मानाने थोडे असते आणि ते हातात पडायला वेळ लागतो, हेही खरे आहे; पण म्हणून ते काम धर्मादाय होत नाही.

ही मदत कोणाला मिळते, याविषयी लोकांचे अंदाज फारच तोकडे असतात. दारिद्र्यरेषेचे कार्ड लागते, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अटच नाही. बागायतदार घरातली सून असली तरी ती अर्ज करू शकते. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांनाही उत्पन्न विचारले जात नाही. उरलेल्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे आणि त्यासाठी स्वतःचे शपथपत्र सहसा पुरते. आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे याच कायद्याच्या १२ व्या कलमात पूर आणि दुष्काळ यांचे बळी स्वतंत्रपणे नमूद केले आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या आसपास गेले, तेव्हा ज्यांच्या घरातले खरेदीखत, विम्याची पॉलिसी आणि सातबाऱ्याचे उतारे लगदा होऊन बाहेर आले, त्यांच्यापैकी किती जणांना आपण या कलमात बसतो हे ठाऊक होते, असा प्रश्न मला आजही पडतो. अर्ज केला की वकील मिळालाच असे मात्र नाही. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे का, हे तपासले जाते. अर्ज नाकारला गेल्यास प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्ह्यात प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे, दाद मागता येते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. वाळवा तालुक्यातील एका बाईंचे पोटगीचे प्रकरण माझ्याकडे नेमणुकीने आले होते. त्या प्रत्येक तारखेला वेळेआधी येत, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून आणत आणि पुकारा होईपर्यंत बाकावर बसून राहत. काही विचारले की एकच उत्तर येई, "तुम्हीच बघा मॅडम, तुम्हाला कळतंय." सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना आपले उत्पन्न आणि मालमत्ता यांचे शपथपत्र द्यावे लागते. नवऱ्याने त्यात शेतमजुरी करतो असे लिहून दिले होते, आणि ते खोडून काढायला आमच्याकडे कागद नव्हता. एका तारखेला मी शेजारच्या खिडकीपाशी फाइल चाळत उभी असताना या बाई बाकावरच्या दुसऱ्या एका पक्षकार बाईला सांगत होत्या की गेल्या हंगामातला ऊस नवऱ्याच्याच नावावर कारखान्याला गेला, तो सभासद आहे, आणि बिल कोणत्या बँकेत जमा झाले हेही सगळ्या गावाला माहीत आहे. त्यानंतर कारखान्याकडून ऊसबिलाचा तपशील मागवण्याचा अर्ज दिला, तो मंजूर झाला, आणि प्रकरणाचा रंगच बदलला. हे आधी का सांगितले नाही, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही आधीच फुकट करायला लागलाय, त्यात आणि तुमच्या डोक्याला ताप कशाला म्हटलं."

ज्या अशिलाने पाच हजार रुपये मोजलेले असतात तो रात्री दहाला फोन करतो, मागच्या तारखेला काय झाले ते तीनदा विचारतो, भावकीतली पाच माणसे घेऊन ऑफिसात येतो आणि आम्हाला नको इतकी माहिती देतो. त्याचा कधी कधी वैताग येतो, पण त्या माहितीतच प्रकरणाचा जीव असतो. मोफत वकील मिळालेला अशील संकोचाने गप्प राहतो, आणि वकिलापुढे दिवसाची वीस प्रकरणे असली तर गप्प अशिलाची फाइल तळाला जाते. यात वकिलाचा आळस नाही असे मी म्हणत नाही. पॅनेलवर नाव लावून प्रत्यक्षात ज्युनिअरला पाठवणारे, मुदत मागण्यापलीकडे काही न करणारे वकील मी पाहिले आहेत, आणि मन लावून उलटतपासणी घेणारे तरुणही त्याच पॅनेलवर पाहिले आहेत. खासगी वकिलीतही हे दोन्ही प्रकार असतातच; फरक एवढाच की तिथे अशील जाब विचारतो.

हा संकोच ज्या समजुतीतून येतो ती समजूतच चुकीची आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३९-अ हे कलम आले आणि मोफत कायदेविषयक मदत देणे हे राज्याचे काम ठरले. पुढे १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कैद्याला निकालाची प्रत वेळेत आणि विनामूल्य मिळणे, तसेच अपिलासाठी वकील मिळणे, हा न्याय्य प्रक्रियेचा भाग असल्याचे सांगितले. त्या माणसाच्या शिक्षेच्या निकालाची प्रत तुरुंगापर्यंत गेली होती, पण त्याच्या हातात पडल्याची नोंद नव्हती, आणि दरम्यान चार वर्षे गेली होती. २०१२ मध्ये कसाबच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की आरोपीला पहिल्यांदा हजर केले जाते त्याच वेळी त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगणे हे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. ज्याला देशातला कोणीही सहानुभूती देणार नव्हता त्यालाही जे नाकारता आले नाही, ते आपल्या गावच्या परित्यक्ता बाईने मान खाली घालून का घ्यावे?

तुरुंगातल्या कामाबद्दल फार लोक विचारत नाहीत, पण मोफत वकिलाची खरी कसोटी तिथे लागते असे माझे मत आहे. १९४३ साली वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी ज्या सांगलीच्या तुरुंगातून निसटले, तिथे आजचे बहुतेक कैदी कच्चे आहेत, म्हणजे त्यांचा खटला अजून संपलेला नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, ४७९ व्या कलमानुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर तो सुटकेला पात्र ठरतो; इतरांसाठी ही मुदत निम्मी आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, तसेच एकापेक्षा जास्त खटले चालू असलेल्यांना, ही सवलत नाही. हा हिशेब कोणीतरी प्रत्येक कैद्याच्या नावापुढे मांडावा लागतो, आणि ज्याच्या घरचे लोक जामिनाच्या रकमेनेच गर्भगळीत झालेले असतात, त्याच्यासाठी तो मांडणारा खासगी वकील सहसा नसतो. २०२२ च्या योजनेनंतर अनेक जिल्ह्यांत फौजदारी प्रकरणांसाठी पूर्णवेळ बचाव वकील नेमले गेले आहेत, ज्यांना खासगी वकिली करता येत नाही. एकाच कामावर बसलेला माणूस ते काम शिकतो, त्यामुळे ही व्यवस्था पॅनेलपेक्षा चांगली आहे असे मी पॅनेलवर असूनही म्हणते.

मग अशिलाने काय करायचे? नेमणुकीच्या पत्राची प्रत आणि वकिलाचा फोन नंबर पहिल्याच दिवशी घ्यावा. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झाले ते मोबाइलवर दिसते. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाला हे दोन मिनिटांत जमते. वकिलाला दर वेळी इतकेच विचारावे की पुढच्या तारखेला नेमके काय होणार आहे आणि त्यासाठी माझ्याकडून काय हवे. वकील सलग गैरहजर राहत असेल किंवा पैसे मागत असेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तारखांसह लेखी अर्ज द्यावा आणि दुसरा वकील मागावा. हे सचिव स्वतः न्यायाधीश असतात आणि पॅनेलच्या कामावर देखरेख ठेवण्यासाठी नियमांनुसार स्वतंत्र समिती असते. न्यायालयापर्यंत येणे शक्य नसेल तर १५१०० या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही सुरुवात करता येते.

असा अर्ज केला तर वकिलांना राग येत नाही का, असेही मला विचारले जाते. काहींना येतो. मात्र ज्यांना येतो त्यांचीही ती फाइल पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी उघडलेली मी पाहिली आहे.