रविवार, लॅब आणि आत्याचा फोन

आज रविवार, तरी लॅबला जाऊन आले. सेल्सना, म्हणजे फ्लास्कमध्ये वाढवलेल्या पेशींना, रविवार-बिविवार कळत नाही, मीडिया (त्या ज्यात वाढतात ते पोषक द्रव) बदलायचा दिवस आला की बदलायचा, नाहीतर फ्लास्क गच्च भरतो, सेल्स मरायला लागतात आणि आपण परत महिनाभर मागे. खारघरमध्ये मस्त पाऊस, सगळं पब्लिक डोंगराकडे धबधबे बघायला चाललेलं आणि मी हूडसमोर (जंतू शिरू नयेत म्हणून असलेलं लॅबमधलं बंदिस्त टेबल) ग्लोव्हज घालून.

हे फ्लास्क म्हणजे तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी. गेल्या वर्षापासून मी त्यांना सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देतेय, आधी अगदी थोडं, मग जरा जास्त. बहुतेक मरतात. ज्या तग धरतात त्यांना ताजा मीडिया द्यायचा, सीरम द्यायचं, ३७ डिग्रीला इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं, त्या नीट वाढल्या की परत डोस वाढवायचा. असं करत करत औषधाला न जुमानणाऱ्या पेशींची एक अख्खी लाईन तयार होते. म्हणजे कॅन्सरवर पीएचडी करणारी मुलगी दिवसभर काय करते तर कॅन्सर लाडाने वाढवते, तोही हट्टी कॅन्सर 😅

आत्याचा संध्याकाळी फोन आला. नेहमीचा प्रश्न, "सापडलं का गं औषध?"

काय सांगणार. औषध आहेच की, आत्या. सिस्प्लॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली १९७८ साली, म्हणजे माझ्या आईच्या शाळेच्या दिवसांत. आणि सापडलं तेही असंच, १९६५ मध्ये रोझेनबर्ग नावाचा माणूस बॅक्टेरियावर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होता, बॅक्टेरिया एकाचे दोन व्हायचे थांबले आणि नुसतेच लांबलचक वाढत गेले, शेवटी कळलं की हा विजेचा प्रताप नाहीच, इलेक्ट्रोडमधलं प्लॅटिनम पाण्यात उतरतंय. तो कॅन्सरच्या मागे नव्हताच. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, औषध डीएनएला जाऊन चिकटतं, पेशी मरायला हवी, मग काही पेशी का मरत नाहीत? त्या औषध बाहेर फेकतात का, डीएनए पटकन दुरुस्त करून घेतात का, की मरायचं बटणच बंद करून बसतात? त्यातलं एक प्रोटीन माझ्या वाट्याला आलंय. एकच. त्याचा बँड, म्हणजे पट्टी, वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीन आहे का ते बघायची टेस्ट) कधी दिसतो, कधी नाही, आणि माझा आठवड्याचा मूड त्यावर ठरतो.

आत्याला वाटतं मी डॉक्टर होणार म्हणजे तपासणारी डॉक्टर. कॅन्सर संशोधक कमल रणदिवेंच्या वडिलांनाही मुलीने मेडिकल करावं असं वाटायचं म्हणे. त्यांनी ते केलं नाही, १९४९ मध्ये पीएचडी घेतली आणि पुढे मुंबईत देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. मी आज जे करत बसले होते ते इथे त्यांनीच सुरू केलं म्हणायचं. पण हे आत्याला फोनवर सांगून उपयोग नाही, तिला लग्नाचं विचारायचं होतं.

आणि आत्या मिश्री लावते. रोज, सकाळी आणि दुपारच्या जेवणानंतर. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि हिरड्यांवर घासायची, ती घरीच करते, वास अख्ख्या आळीला. गाल आणि हिरडीचा कॅन्सर आपल्याकडे एवढा का, त्याचं उत्तर त्या डबीत आहे, त्यासाठी पीएचडी लागत नाही. मी दर वेळी सांगते, ती दर वेळी म्हणते दात दुखतात गं. आज जरा चिडूनच बोलले, की आत्या, मी ज्या पेशी वाढवते ना त्या कुणाच्या तरी गालातूनच आल्यात.

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मग त्याला विचार ना, त्याचेपण दात दुखत होते का."

आता हसू की रडू. दिवाळीला गेले की तिला धरून डेंटिस्टकडे नेणार आहे, दातांचं निमित्त तरी संपेल, आणि तोंड आतून नीट बघून होईल ते वेगळंच. उद्या लॅब मीटिंग आहे, स्लाईड्स अजून एकही बनवलेली नाही, मॅडम त्या ब्लॉटबद्दल विचारणारच.