सवासहा ग्रॅम

गाडीच्या आतल्या आरशाखाली गेली नऊ वर्षे लटकत असलेला चांदीचा क्रूस मागच्या नोव्हेंबरात एका सकाळी जागेवर नव्हता. खंडव्याला चुलतभावाकडे लग्नासाठी निघायचे होते, सामान डिकीत गेले होते, हिने पाण्याच्या बाटल्या भरून पुढे ठेवल्या होत्या, आणि मी मात्र सीटखाली हात घालून, पायपुसणी झटकून, आदल्या दिवशी गाडी धुणाऱ्या मुलाला फोन करून शोध चालवला होता. क्रूस शेवटी हँडब्रेकच्या खाचेत सापडला. वरची कडी झिजून तुटली होती. आरशाला अडकवता येईना म्हणून तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि मगच किल्ली फिरवली. सिमरोलच्या पुढे भेरूघाट लागतो. त्या वळणांवर माझा हात दोनदा खिशाकडे जाऊन आला, हे ध्यानात आले तेव्हा घाट उतरून झाला होता. निघताना टायरमधली हवा पाहायची राहिली, हेही तेव्हाच आठवले.

आमच्या शेजारच्या काकू दर शनिवारी स्कूटरच्या हँडलला लिंबू-मिरची बांधतात. त्यांना मी कधी काही बोललो नाही. पण मनातल्या मनात हसलो आहे, हे कबूल केले पाहिजे. कारण आम्ही पडलो प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंटांतल्या एका परंपरेतले. कॅनडाच्या त्या मिशनने १८७७ मध्ये इंदुरात काम सुरू केले, आणि पुढे आमचे आजोबा अहमदनगरहून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून येथे आले. उपासना हिंदीत आणि घरची प्रार्थना मराठीत, अशी आमची घडी तेव्हापासून बसलेली आहे. आमच्या चर्चच्या भिंती कोऱ्या असतात. ‘आपल्यासाठी कोरीव मूर्ती करू नको’ हे वचन आम्ही दहा आज्ञांतली स्वतंत्र दुसरी आज्ञा म्हणून मोजतो. कॅथलिक आणि लुथरन मंडळी ते पहिल्या आज्ञेतच धरतात. मूर्तींना मान द्यावा की नाही, यावर ख्रिस्ती जगात शतकभराहून अधिक काळ भांडण चालले होते. ७८७ मध्ये निकेयाच्या दुसऱ्या परिषदेने मान देणे आणि उपासना करणे यांत फरक केला आणि मान देण्यास मोकळीक दिली. १५२४ मध्ये झुरिचच्या सुधारकांनी चर्चमधली चित्रे व मूर्ती उतरवून भिंती कोऱ्या केल्या. आम्ही त्या कोऱ्या भिंतींचे वारस, आणि त्याचा आम्हांला थोडा ताठाही आहे.

पण कोऱ्या भिंतींच्या घरातही कोणाला ताप भरला की आजी पवित्र शास्त्र त्याच्या उशाखाली ठेवीत असे. उघडून वाचीत नसे, बंदच ठेवी. दंडात ताईत बांधणाऱ्या मोलकरणीला त्याच आजीने दोऱ्याने काही होत नसते म्हणून तासभर समजावलेले मी ऐकले आहे. यात तिला कधी विसंगती दिसली नाही, आणि खरे सांगायचे तर भेरूघाट उतरेपर्यंत मलाही दिसली नव्हती.

खंडव्याहून परतल्यावर मी शास्त्रातली मूर्तीविषयीची वचने पुन्हा काढून बसलो, तेव्हा त्यांतली कितीतरी घरच्यांनाच उद्देशून आहेत असे दिसले. योहानाच्या पहिल्या पत्राचे अखेरचे वाक्य मूर्तींपासून स्वतःस राखण्याविषयी आहे आणि त्याचा आरंभ ‘मुलांनो’ असा आहे. यिर्मया संदेष्टा देवळाच्या दाराशी उभा राहून ‘हे परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर’ असा घोष करणाऱ्यांना फटकारतो, आणि ती माणसे तर उपासनेलाच आलेली होती.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली कराराच्या कोशाची, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीची, गोष्ट मला सर्वांत बोचते. पलिष्ट्यांशी झालेल्या लढाईत चार हजार माणसे पडल्यावर इस्राएलाचे वडीलधारे शिलोहून कोश आणायचे ठरवतात. तो आपल्याबरोबर आला की आपण वाचू, असा त्यांचा हिशेब. कोश छावणीत येताच एवढा जयघोष होतो की जमीन दणाणते. पलिष्टी तो ऐकून घाबरतात आणि ‘देव छावणीत आला’ असे म्हणतात. म्हणजे त्या दिवशी दोन्ही सैन्यांचा विश्वास एकच होता, आणि दोन्ही सैन्यांना देव पेटीबरोबर उचलून नेता येण्याजोगा वाटत होता. मग इस्राएलाचे तीस हजार पायदळ पडते आणि कोशही शत्रूच्या हाती जातो. अठ्ठ्याण्णव वर्षांचा आंधळा याजक एली शिलोच्या वेशीजवळ आसनावर बसलेला आहे. दोन्ही मुलगे मारले गेल्याचे ऐकूनही तो बसून राहतो. कोशाचे नाव निघते तेव्हा मात्र मागे कोसळतो आणि मान मोडून मरतो. त्या म्हाताऱ्याला हसण्याची माझी छाती नाही, कारण मी अर्धा तास पायपुसणी झटकीत होतो.

तुटलेली कडी जोडून घ्यायला मी पुढच्या आठवड्यात सराफ्यात गेलो. ज्या ओट्यांपुढे रात्री गराडू आणि जिलबी खायला अवघे इंदूर लोटते, तेथेच दिवसा दागिन्यांचे तराजू चालतात. दुकानदाराच्या मखमली ट्रेमध्ये गणपती, क्रूस आणि रिकामे ताईत शेजारी शेजारी मांडलेले होते. प्रेषितांच्या कृत्यांत देवीचे चांदीचे देव्हारे घडवणाऱ्या इफिसच्या देमेत्रिय सोनाराने धंदा बुडेल या धास्तीने पौलाच्या विरोधात गाव पेटवले होते. येथे तसा काही कलह दिसत नव्हता. दुकानदाराने माझा क्रूस चिमट्यात धरून भिंगाखाली फिरवला, पाठीवर कानशीचा एक बारीक ओरखडा काढला आणि तो काट्यावर ठेवला. हिरव्या आकड्यांत ६.२५० उमटले. “भिया, पुरानी चांदी है,” तो म्हणाला, “टांका भी बहुत लगा है. बेचना हो तो टांका काटके भाव लगेगा.”

“बेचना नहीं है,” मी जरा जोरातच म्हणालो, आणि माझा हात आपोआप काट्यावर आडवा गेला.

मोशेने रानात उभारलेला पितळी साप देवाच्या सांगण्यावरूनच घडवलेला होता, आणि सर्पदंश झालेली माणसे त्याकडे पाहून वाचली होती. खुद्द ख्रिस्ताने पुढे आपल्या वधस्तंभासाठी त्याच सापाची उपमा घेतली. तरीही तो कित्येक शतके जपून ठेवला गेला, लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, आणि इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीकडे हिज्कीया राजाने त्याचे तुकडे करवले. त्याला त्याने नाव दिले ‘नहुश्तान’. इब्री भाषेत पितळ आणि साप या दोन्ही शब्दांचा ध्वनी त्यात वाजतो. मराठी शास्त्रात त्याचा अर्थ ‘पितळेचा तुकडा’ असा दिलेला आहे. राजाच्या शिव्याशापांची नोंद तेथे नाही, केवळ धातूचे नाव घेतलेले आहे. सराफ्यातल्या त्या माणसाने माझ्या बाबतीत तेवढेच केले होते, तेही घणाचा घाव न घालता आणि गिऱ्हाईक तुटू नये अशा बेताने.

क्रूस आजीचा होता, तिची आठवण म्हणून मी तो ठेवला आहे, असे मी त्याला सांगू लागलो. ते खोटे नव्हते. पण आठवण घरच्या कपाटातही राहिली असती. घाटात ती मी कशासाठी नेत होतो, हे त्याने विचारले असते तर माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याने विचारले नाही. नवी कडी घातली, चिंचेच्या पाण्यात बुडवून क्रूस लखलखीत केला आणि गुलाबी कागदाच्या पुडीत बांधून दिला.

तो आता आरशाला लावायचा नाही, असे ठरवूनच मी ओट्यावरून उतरलो. सराफ्यापासून राजवाड्यापर्यंत जेमतेम पाच मिनिटांची वाट. संध्याकाळची गर्दी होती, खिसेकापूंची भीती होतीच. पुडी जागेवर आहे ना, हे मी तेवढ्यात तीनदा चाचपून पाहिले.